‘नाही’ म्हणायचं कसं? इंग्रजीतला संकोच, अनिच्छा आणि नकार



मागच्या भागात आपण इंग्रजीत विनंती कशी करायची ते पाहिलं. आज विनंती ज्याच्याकडे होते, त्याची बाजू घेऊ. समोरच्यानं काही मागितलंय, आपल्याला ते करायचं नाही, किंवा करावं की नाही असं झालंय. मराठीत आपण यातून सहज वाट काढतो. ‘बघू’, ‘जमवतो’, ‘जरा अवघडच आहे’ असं म्हणतो आणि समोरच्याला बरोबर कळतं. इंग्रजीत तेच शब्द उलथून ठेवले की घोटाळा होतो.

माझा भाचा बंगळुरूला नोकरीला आहे. मूळचा नांदेडचा. परवा त्याचा फोन आला. ‘‘मामा, रविवारी यायला सांगत होते. मी साधं कळवलं की मला जमणार नाही, तर साहेब दोन दिवस बोलेनात.’’

‘‘लिहिलंस काय?’’

‘‘आय डिनाय टू कम ऑन संडे.’’

मी म्हटलं, ‘‘अरे, साहेब दुखावले नसतील, गोंधळले असतील. आणि गोंधळलेला साहेब दुखावलेल्यासारखाच दिसतो.’’

भाच्याची चूक आपल्या सगळ्यांची आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांना तर ती रोज नडते. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीवर भागतं, बडोद्याला गुजराती येते. पण बंगळुरू, चेन्नई, हैदराबादला कचेरीत, दवाखान्यात, सोसायटीच्या बैठकीत इंग्रजीच कामाला येते. आणि परक्या भाषेत सगळ्यात अवघड वाक्य कुठलं? नकाराचं. होकार चुकीच्या व्याकरणातही चालून जातो. नकाराचं व्याकरण चुकलं, तर तो एक तर अपमान वाटतो, नाहीतर होकार वाटतो. यातलं दुसरं जास्त धोक्याचं. का, ते पुढे माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

चार पायऱ्या

आधी शब्द ओळीत उभे करू. संकोचापासून नकारापर्यंत चार पायऱ्या आहेत असं समजा.

पहिली पायरी, ‘हेझिटेट’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अडकून राहणं, चिकटून बसणं. आपण म्हणतो ना, शब्द ओठांशी अडकला, पाऊल अडखळलं, जीभ रेटेना. तेच. करायची इच्छा असेलही, पण काहीतरी आड येतंय. भीड आहे, भीती आहे किंवा खात्री नाही. ‘आय हेझिटेट टू आस्क’ म्हणजे विचारायला संकोच वाटतोय. पण लक्षात घ्या, असं म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात विचारतोच. आणि पत्राच्या शेवटी ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉल’ असं असतं, ते म्हणजे आपलं ‘निःसंकोच फोन करा’.

दुसरी पायरी शंकेची. ‘आय ॲम नॉट शुअर’, ‘आय हॅव माय डाउट्स’. इथे मन नाही म्हणत नाही, पण हो म्हणायलाही धजत नाही.

तिसरी, ‘रिलक्टंट’. याच्या मुळाशी लॅटिनमधली कुस्ती आहे. विरुद्ध दिशेनं झोंबणं, झगडणं. म्हणजे नाखुशी. पण नाखूश माणूस बहुधा शेवटी काम करतो. ‘ही रिलक्टंटली अग्रीड’ म्हणजे आढेवेढे घेत, मनाविरुद्ध, पण हो म्हणाला.

चौथी, ‘अनविलिंग’. मर्जी नाही. आणि ते तोंडानं सांगितलं की झालं ‘रिफ्यूज’ किंवा ‘डिक्लाइन’.

या चौघांत फरक करायची सोपी कसोटी एकच. स्वतःला विचारा, शेवटी काम होणार आहे का? हेझिटेट करणाऱ्याकडून बहुधा होईल, थोडा धीर द्यावा लागेल. शंका घेणाऱ्याला माहिती द्यावी लागेल. रिलक्टंट माणसाकडून होईल, पण कुरकुरत. अनविलिंग माणसाकडून व्हायचं नाही. ऐकणारा इंग्रजी माणूस तुमच्या शब्दावरून हाच हिशेब मांडत असतो. तुम्ही चौथ्या पायरीवर उभे राहून पहिल्या पायरीचा शब्द वापरला, तर तो तुम्हाला धीर देईल आणि काम तुमच्याच गळ्यात घालेल.

एका ‘नाकारणे’चे तीन भाऊ

आता भाच्याचं वाक्य. मराठीत ‘नाकारणे’ हा एकच शब्द तीन कामं करतो. आरोप नाकारला, निमंत्रण नाकारलं, यायला नकार दिला. इंग्रजीत हे तीन वेगळे आहेत.

‘डिनाय’ हा मुख्यतः आरोपाचा शब्द. ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे पैसे घेतल्याचं त्यानं नाकारलं. ‘डिनाय टू कम’ असं वाक्य इंग्रजीत उभंच राहत नाही. (परवानगी किंवा हक्क नाकारला, यालाही डिनाय चालतं, पण तो नकार देणारा अधिकारावर असतो.)

‘रिफ्यूज’ म्हणजे ठाम नकार. ‘ही रिफ्यूज्ड टू कम.’ बरोबर आहे, पण धार आहे त्याला. दुसऱ्याबद्दल सांगताना ठीक, स्वतःबद्दल ‘आय रिफ्यूज’ म्हणालात की भांडण सुरू झालं असं समजा.

‘डिक्लाइन’ म्हणजे सभ्य नकार. निमंत्रण, पद, देणगी यांना डिक्लाइन करतात.

भाच्यानं काय लिहायला हवं होतं? यातलं काहीच नाही. ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट कम ऑन संडे.’ आता तो म्हणाला, ‘‘मामा, मी कशाला भिऊ?’’ तर हा ‘अफ्रेड’ भीतीचा नाही. वाईट बातमी सांगण्याआधी केलेली ती शब्दांची मान तुकवणी आहे. आपण ‘माफ करा हं, पण...’ म्हणतो, तसं.

‘तयार नाही’ आणि ‘शंका आहे’

आणखी दोन ठिकाणी मराठी मनुष्य हमखास घसरतो.

‘तो यायला तयार नाही.’ आपण सरळ भाषांतर करतो, ‘ही इज नॉट रेडी टू कम.’ इंग्रजी कानाला ऐकू येतं की त्याचं आवरून व्हायचंय, दहा मिनिटांत येईल. आपल्याला म्हणायचंय की त्याची इच्छा नाही. तिथे ‘ही इज नॉट विलिंग टू कम’ हवं, किंवा त्याहून सोपं, ‘ही वोन्ट कम’.

हा ‘वोन्ट’ मोठा कामाचा शब्द आहे. तो केवळ भविष्यकाळ नव्हे. त्यात हट्ट आहे. मराठीत आपण बंद पडलेल्या मोटारीला म्हणतो, ‘गाडी सुरू व्हायलाच तयार नाही.’ यंत्रालाही आपण मर्जी देतो. इंग्रज अगदी हेच करतो. ‘द कार वोन्ट स्टार्ट.’ आणि ‘तो ऐकायचा नाही’ यातला जो ‘ऐकायचा नाही’ आहे, तोच ‘ही वोन्ट लिसन’.

यात एक गंमत. ‘नॉट रेडी’ हे कच्च्या तयारीचं, पण ‘नॉट प्रिपेअर्ड’ हे पक्क्या नकाराचं असू शकतं. ‘आय ॲम नॉट प्रिपेअर्ड टू ॲक्सेप्ट धिस’ असं वरिष्ठ अधिकारी थंड आवाजात म्हणाले, तर तयारी करून पुन्हा या असा त्याचा अर्थ नाही. विषय संपला, असा आहे.

दुसरं ठिकाण, ‘डाउट’. वर्गात आपण हात वर करून म्हणायचो, ‘सर, आय हॅव अ डाउट.’ भारतभर हे चालतं आणि सगळ्यांना कळतं की पोराला प्रश्न विचारायचाय. पण परदेशी ग्राहकाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन’ असं लिहिलंत, तर त्याला वाटतं की तुमचा त्याच्या कामावर विश्वास नाही. नुसतं विचारायचं असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. काळजी वाटत असेल तर ‘आय हॅव अ कन्सर्न’. आणि खरोखर अविश्वास असेल तरच डाउट.

याच शब्दाची दुसरी कड जास्त धारदार आहे. ‘त्यानं पैसे घेतले असावेत अशी मला शंका आहे’ याचं भाषांतर पुष्कळ जण करतात, ‘आय डाउट ही टुक द मनी.’ याचा इंग्रजी अर्थ, त्यानं पैसे घेतले असं मला वाटत नाही. म्हणजे संशयिताला तुम्ही निर्दोष सोडून दिलंत! तिथे ‘सस्पेक्ट’ हवं. डाउट नाहीच्या बाजूला झुकतो, सस्पेक्ट होयच्या बाजूला. मराठी ‘शंका’ दोन्हीकडे झुकते, म्हणून हा घोळ.

रादर, बेटर आणि माइंड

घरगुती नकाराला दोन छोटे शब्द पुरतात. समजा, पंगतीत कुणी जिलबीचा आग्रह करतंय. ‘आय वुड रादर नॉट’ म्हणजे मला नकोय, माझी मर्जी. ‘आय हॅड बेटर नॉट’ म्हणजे हवीय खूप, पण साखर वाढलीय, डॉक्टर रागावतील. रादर मर्जीचा, बेटर परिणामांचा. उलट करून बोललात तर यजमानीणबाईंना वाटेल जिलबी बिघडली.

नको ते काम दुसऱ्यानं करू नये असं सांगायचं असेल तर ‘आय वुड रादर यू डिडन्ट’. वेळ आत्ताची, पण क्रियापद भूतकाळाचं. मराठीतही आपण ‘नसतं केलंत तर बरं’ म्हणून भूतकाळाच्या आडोशाला जातोच की. काळ मागे नेला की बोलण्यातली सक्ती कमी होते. हे दोन्ही भाषांनी आपापलं शोधून काढलंय.

‘माइंड’मध्ये आपण हमखास उलटे उत्तर देतो. रेल्वेच्या डब्यात कुणी विचारतं, ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ आपण हसून सौजन्यानं म्हणतो, ‘यस यस!’ म्हणजे ‘हो, हरकत आहे.’ परवानगी द्यायची असेल तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’. आपल्या ‘हरकत नाही’मध्येही नकारच आहे ना? तो लक्षात ठेवला की चुकणार नाही.

आणि एक वाक्य मराठी माणसाला मी मुद्दाम शिकवतो. आपल्याकडे ‘मला जाववत नाही’, ‘बोलवत नाही’, ‘खाववत नाही’ असा सुंदर प्रयोग आहे. दार उघडं आहे, पाय धड आहेत, तरी जाववत नाही. वडील गेल्यानंतर गावच्या घरी जाववत नाही. इंग्रजीत लोक ‘आय कान्ट गो’ म्हणतात, पण त्यात नुसती अडचण येते, मन येत नाही. तिथे ‘आय कान्ट ब्रिंग मायसेल्फ टू गो’ हे वाक्य आहे. स्वतःला तिथवर आणवत नाही. याच्याइतकं जवळचं दुसरं मला सापडलेलं नाही.

‘वी विल ट्राय, सर’

आता ती चूक सांगतो.

मी तेव्हा कॅप्टन होतो. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात तैनात होतो, पावसाळा होता. संध्याकाळी फील्ड टेलिफोनवर वरिष्ठांनी विचारलं की उद्या उजाडताच तुमच्या गाड्या पुढच्या चौकीवर निघू शकतील का. मी त्याच दुपारी रस्ता पाहून आलो होतो. एका वळणावर बाहेरची कड खचलेली होती. माझ्या मनात उत्तर स्वच्छ होतं, नाही. पण तोंडातून निघालं, ‘इट इज अ बिट डिफिकल्ट, सर, बट वी विल ट्राय.’

ते म्हणाले, ‘गुड.’ फोन बंद.

मराठीत ‘जरा अवघड आहे, प्रयत्न करतो’ हा नकार आहे. लग्नाच्या आमंत्रणाला कुणी असं म्हणालं की आपण त्याचं पान धरत नाही. पण इंग्रजीत, त्यातून फौजेच्या इंग्रजीत, ‘अडचण आहे पण करतो’ हा होकार आहे, आणि चांगल्यापैकी मर्दुमकीचा होकार. मी नाही म्हणालो असं मला वाटलं. मी हो म्हणालो असं त्यांनी ऐकलं. दोघांच्याही दृष्टीनं बोलणं पूर्ण झालं होतं.

सकाळी गाड्या निघाल्या. दोन त्या वळणावरून गेल्या. तिसरीचं मागचं चाक कडेवरून सुटलं. गाडी कलंडली आणि खालच्या झाडांना अडकली, म्हणून जीव वाचले. ड्रायव्हर सातारकडचा गडी होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. कित्येक महिने तो इस्पितळात होता. पलटणीत परत आला, पण पुन्हा गाडीवर बसला नाही.

चौकशी झाली. मला विचारलं, रस्त्याची कल्पना तुम्ही दिली होती का? मी म्हणालो, ‘मी तसं सूचित केलं होतं.’ चौकशी अधिकारी शांतपणे म्हणाले, ‘सूचित केलं होतं, की सांगितलं होतं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर त्या वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की तू नाही म्हणाला असतास, तर आधी इंजिनिअरांना पाठवून दुपारी गाड्या सोडल्या असत्या. माझं काही अडलं नव्हतं. चाळीस वर्षं होत आली, ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यांना नकार हवा होता. मीच तो द्यायला भ्यालो.

मोठ्या माणसांच्या अशाच चुका

ही फक्त मराठी माणसाची किंवा नवशिक्याची अडचण आहे असं नाही. इंग्रज आणि अमेरिकन, दोघांची मातृभाषा इंग्रजी, तरी हेच झालं. कोरियाच्या युद्धात, एप्रिल 1951मध्ये, इमजिन नदीवर ब्रिटिशांची 29वी ब्रिगेड चिनी हल्ल्याखाली सापडली. त्यातली ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर वेढली गेली. ब्रिगेडियर ब्रोडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे असं कळवलं, ही गोष्ट फौजेत अजून सांगतात. ब्रिटिश कानाला याचा अर्थ, आम्ही बुडतोय. अमेरिकन कानाला याचा अर्थ, थोडी अडचण आहे पण निभावतंय. बटालियनला वेळेवर बाहेर काढलं गेलं नाही. तिचे पाचशेहून अधिक जण युद्धकैदी झाले. युद्धात एकाच वाक्यानं सगळं ठरत नाही, हे खरं. पण ‘अ बिट’ या दोन शब्दांवर केवढा भार पडू शकतो, ते दिसतं. माझ्याही वाक्यात तेच दोन शब्द होते.

दुसरं उदाहरण विमानाचं. 25 जानेवारी 1990. कोलंबियाच्या अविआंका कंपनीचं फ्लाइट 52 हे बोईंग 707 न्यूयॉर्कला येत होतं. हवामान खराब, गर्दी मोठी, त्यामुळे विमानाला तासाभराहून अधिक काळ हवेत घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आलं. सहवैमानिकानं नियंत्रकांना अग्रक्रम हवा असल्याचं सांगितलं, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण इतर बोलण्याच्या ओघात, जाता जाता. ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द त्यानं एकदाही वापरला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर नियंत्रकांनी विमानाला पुन्हा लांबचा वळसा घ्यायला लावला. इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 जणांपैकी 73 जण गेले. अमेरिकेच्या तपास मंडळानं इतरही दोष दाखवले, पण इंधनाची आणीबाणी स्पष्ट शब्दांत न कळवणं हे त्यातलं मुख्य होतं.

म्हणूनच वैमानिकांच्या ठरलेल्या भाषेत एक शब्द आहे, ‘अनेबल’. नियंत्रकाची सूचना पाळणं शक्य नसेल तर वैमानिक हा एक शब्द म्हणतो, जमलं तर कारण देतो. त्यात सॉरी नाही, अफ्रेड नाही, ट्राय नाही. आणि कुणी त्याचा अपमान मानत नाही. फौजेच्या वायरलेसवरही ‘रॉजर’ म्हणजे तुमचं ऐकलं, आणि ‘विल्को’ म्हणजे ऐकलं आणि करतो. सिनेमामुळे लोकांना रॉजर म्हणजे ‘हो’ वाटतं. ऐकणं आणि मान्य करणं यांत फरक राहावा, म्हणूनच ते शब्द वेगळे ठेवलेत.

मग करायचं काय?

मऊ शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. जिलबीला ‘अनेबल’ म्हणायचं नसतं. फक्त प्रसंग ओळखा. जिथे गैरसमजाची किंमत एक जिलबी आहे, तिथे हवे तेवढे मऊ व्हा. जिथे किंमत पैसा, नोकरी, प्रकृती किंवा जीव आहे, तिथे नकाराचा शब्द वाक्यात आधी आणि उघडा आला पाहिजे.

माझी पद्धत तीन तुकड्यांची. आधी नकार, मग एकच कारण, मग पर्याय. कचेरीत शुक्रवारपर्यंत काम मागितलं आणि होणार नाही हे माहीत आहे. ‘आय विल ट्राय’ नको. म्हणा, ‘आय कान्ट फिनिश धिस बाय फ्रायडे. द टेस्टिंग नीड्स टू मोर डेज. आय कॅन गिव्ह इट टू यू ऑन ट्यूजडे.’ कारण एकच द्या. आपल्याला चार कारणं द्यायची सवय असते. समोरचा त्यातलं सगळ्यात कच्चं कारण निवडून खोडतो आणि आपला नकार कोसळतो.

दवाखान्यात फॉर्म पुढे आला, डॉक्टर भराभर इंग्रजीत सांगताहेत आणि तुम्हाला नीट कळलेलं नाही. मान हलवू नका. म्हणा, ‘आय ॲम नॉट रेडी टू डिसाइड येट. आय वॉन्ट टू टॉक टू माय फॅमिली फर्स्ट.’ इथे ‘नॉट रेडी’ अगदी योग्य आहे, कारण तुम्ही नाही म्हणत नाही आहात, तयारीला वेळ मागताय. खरंच नको असेल तर, ‘आय डोन्ट वॉन्ट धिस. व्हॉट आर द अदर ऑप्शन्स?’ एवढं साधं इंग्रजी पुरतं. शंका सांगायला मोठी शब्दसंपत्ती लागत नाही.

वरिष्ठांना धोका सांगायचाय आणि जीभ रेटत नाही? ‘सर, आय हॅव अ कन्सर्न’ इथून सुरुवात करा. हे सौम्यही आहे आणि ऐकणाऱ्याला थांबवतंही. मग धोका काय ते नाव घेऊन सांगा. शेवटी तुमचं मत, ‘आय डोन्ट थिंक वी शुड गो.’ माझ्याकडे त्या संध्याकाळी ही तीन वाक्यं असती तर बरं झालं असतं. खरं तर होती. इंग्रजी मला तेव्हाही येत होतं. कमी पडली ती भाषा नव्हे.

थोडं व्याकरण वहीत टिपून ठेवा. हेझिटेट, रिलक्टंट, अनविलिंग, रिफ्यूज यांच्यानंतर ‘टू’ आणि साधं क्रियापद: ‘रिलक्टंट टू साइन’. पण माइंड आणि अव्हॉइड यांच्यानंतर ‘इंग’ लागलेलं रूप: ‘अव्हॉइड गोइंग’, ‘अव्हॉइड टू गो’ नव्हे. आणि ‘ऑब्जेक्ट टू’ फसवा आहे, त्यात ‘टू’ असूनही पुढे ‘इंग’च येतं: ‘आय ऑब्जेक्ट टू पेइंग ट्वाइस’.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. भिडेखातर हो म्हणत गेलेला माणूस शेवटी रिकाम्या हातानं उभा राहतो. म्हण केली तेव्हा हिशेब पैशाचा असेल. मी तिचा हिशेब एका मोडलेल्या हाडात पाहिला, आणि ते हाड माझं नव्हतं. भीड माझी होती, किंमत दुसऱ्यानं दिली.

भाच्यानं मागच्या आठवड्यात पुन्हा फोन केला. यावेळी त्यानं लिहिलं होतं, ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट कम धिस संडे. आय हॅव अ फॅमिली फंक्शन. आय कॅन वर्क ऑन सॅटर्डे इन्स्टेड.’ साहेबांचं उत्तर एका शब्दाचं आलं, ‘फाइन’.

आजचा गृहपाठ. गेल्या महिन्यात तुम्ही ‘आय विल ट्राय’ कितीदा म्हणालात ते आठवा, आणि त्यातलं कुठलं खरं ‘नाही’ होतं ते शोधा. त्या प्रत्येकासाठी नकार, कारण, पर्याय अशी तीन वाक्यं लिहा आणि मोठ्यानं म्हणून पाहा. पुढच्या भागात याच्या पुढची पायरी घेऊ, इंग्रजीत माफी कशी मागायची.

जय हिंद.